घरचे अंगण आणि पाहुण्यांचा खेळ

क्रिकेटचा मोठा सामना आपल्या देशात व्हावयाचा असला म्हणजे घरोघरी एकच विश्वास ऐकू येतो. मैदान आपले, माती आपली, प्रेक्षक आपले. मग पाहुण्यांची डाळ कशी शिजणार! आणि सामना हातचा गेला की त्याच दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत वाद माजतो. एक पक्ष म्हणतो, नाणेफेकीने घात केला. दुसरा म्हणतो, कर्णधाराची बुद्धी फिरली. तिसरा खेळपट्टी तयार करणाराच्या नावाने बोटे मोडतो. ह्या वादांत आम्हीही आवाज चढविलेला आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. तथापि राग निवाल्यानंतर मागे पाहता असे वाटते की, घरच्या मैदानाचा लाभ म्हणून जो काही असतो तो कशात असतो आणि एकदिवसीय सामन्यात तो इतक्या वेळा का निसटतो, ह्याचा थोडा शांतपणे विचार करावा.

कसोटी सामन्यात हा लाभ सहज समजतो. पाच दिवसांत खेळपट्टी झिजते, तडकते, चेंडू वळू लागतो. आणि लहानपणापासून त्या मातीवर वाढलेल्या खेळाडूस तिचा स्वभाव ठाऊक असतो. पहिल्या डावातील चूक दुसऱ्या डावात भरून काढण्यास अवसरही असतो. एकदिवसीय सामन्यात प्रत्येक पक्षाला एकच डाव मिळतो. सकाळी केलेला अंदाज चुकला तर तो दुरुस्त करावयास दुसरा दिवस उगवत नाही. म्हणून ह्या खेळात मातीच्या ओळखीपेक्षा त्या दिवसाच्या अंदाजाला अधिक किंमत येते, आणि तो अंदाज पाहुणाही बांधू शकतो.

5 नोव्हेंबर 1987 रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर हेच घडले. विश्वचषक प्रथमच इंग्लंडबाहेर खेळला जात होता. भारत 1983 चा विजेता आणि पाकिस्तानसह यजमान. उपान्त्य सामन्यात कपिल देव यांनी नाणेफेक जिंकून इंग्लंडला फलंदाजी दिली. आमची मदार मणिंदर सिंग आणि रवी शास्त्री ह्या दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांवर होती. परंतु ग्रॅहम गूच यांनी सामन्यापूर्वीच्या सरावात स्थानिक डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांकडून चेंडू टाकवून घेऊन, गुडघा टेकून ते लेगच्या बाजूस झाडून काढण्याचा फटका घोटून घोटून तयार केला होता. सामन्यात त्यांनी तोच फटका पुनःपुन्हा मारला आणि 115 धावा केल्या. माईक गॅटिंग यांनी 56 धावा करून त्यांस साथ दिली. इंग्लंडच्या 254 धावांपुढे आमचा डाव 219 वर आटोपला. शेवटचे पाच गडी अवघ्या 15 धावांत गेले. कपिल देव एडी हेमिंग्ज यांच्या चेंडूवर उंच फटका मारून मिडविकेटच्या सीमेजवळ झेल देऊन परतले, आणि त्या एका फटक्यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाले.

त्या फटक्याविषयी वाद घालणाऱ्यांनी गूच यांच्या सरावाकडे मात्र तितके लक्ष दिले नाही, असे आम्हांस वाटते. मुंबईच्या मैदानावर मुंबईच्याच गोलंदाजांकडून पाहुण्याने शिकून घेतले. मैदान आमचे होते; अभ्यास त्यांचा होता. आदल्याच दिवशी लाहोरात ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानचा 18 धावांनी पराभव केला होता. अशा रीतीने दोन्ही यजमान दोन दिवसांत आपापल्या घरी हरले आणि कलकत्त्याचा अंतिम सामना पाहुण्यांमध्येच झाला.

1996 ची कथा याहून कठीण आहे. कारण तेथे यजमानाने विचार केला नव्हता असे म्हणता येत नाही. 2 मार्च रोजी दिल्लीत भारताने 271 धावा केल्या असता श्रीलंकेने त्यांचा पाठलाग करून सहा गडी राखून विजय मिळविला होता. तेव्हा 13 मार्च रोजी ईडन गार्डन्सच्या उपान्त्य सामन्यात नाणेफेक जिंकल्यावर महंमद अझरुद्दीन यांनी ह्या पाठलाग करणाऱ्या संघाला पहिल्याने फलंदाजी करावयास लावली. पहिल्याच षटकात जवागल श्रीनाथ यांनी दोन्ही सलामीचे फलंदाज परत पाठविले, तेव्हा त्या निर्णयाची वाहवाच झाली असेल. पुढे अरविंद डी सिल्व्हा यांनी 47 चेंडूंत 66 धावा झोडपल्या आणि श्रीलंकेने 251 पर्यंत मजल मारली. भारताच्या एक बाद 98 धावा झाल्या होत्या. इतक्यात सचिन तेंडुलकर 65 धावांवर यष्टिचीत झाले, आणि खेळपट्टी जणू मालक बदलून बसली. चेंडू हातभर वळू लागला. 22 धावांत सात गडी गेले आणि फलकावर आठ बाद 120 उभे राहिले.

निर्णय दिल्लीच्या आठवणीवर घेतला गेला. खेळ मात्र कलकत्त्याच्या मातीवर व्हावयाचा होता. घरच्या मैदानाचा हा एक धोका आहे. आपले म्हणून जे ठाऊक असते ते बहुधा कालचे असते, आणि ओळखीच्या भरवशावर आपण ते आज पुन्हा तपासून पाहत नाही. पाहुण्याला ओळखीचा भरवसा नसतो. म्हणून तो वाकून माती पाहतो.

त्या रात्री प्रेक्षकांनी जे केले ते लिहिताना आजही लाज वाटते. मैदानात बाटल्या फेकल्या गेल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली. अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. नाबाद राहिलेले विनोद कांबळी अश्रू ढाळीत परतले. घरच्या मैदानाचा लाभ म्हणतात त्यात प्रेक्षकांचा मोठा वाटा असतो. येथे तोच प्रेक्षकवर्ग आपल्या उरल्यासुरल्या दोन गड्यांच्या आड आला. विजयाची आशा नव्हती हे खरे. पण पराभव पुरता भोगण्याचा जो खेळाडूचा हक्क असतो, तो घरच्या माणसांनीच हिरावून घेतला.

प्रकाशझोतातील सामन्यांमुळे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. दुपारी उन्हात कोरडी आणि संथ असलेली खेळपट्टी सायंकाळी दव पडले की निराळी होते. ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून निसटतो आणि बॅटवर सरळ येतो. म्हणजे एकाच मैदानात एकाच दिवशी दोन खेळपट्ट्या असतात, आणि कोणती कोणाच्या वाट्यास यावी हे नाणे ठरविते. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबादेस पॅट कमिन्स यांनी नाणेफेक जिंकली आणि अंतिम सामन्यात भारताला पहिल्याने खेळावयास लावले. सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ 240 धावांवर थांबला. पहिल्या दहा षटकांनंतरच्या चाळीस षटकांत अवघे चार चौकार गेले. ऑस्ट्रेलियाचे 47 धावांत तीन गडी बाद झाले होते. नंतर ट्रॅव्हिस हेड यांनी 137 धावा केल्या आणि 43 षटकांत सामना संपला. मोठा प्रेक्षकसमूह स्तब्ध झालेला ऐकण्यासारखे समाधान नाही, अशा आशयाचे उद्गार कमिन्स यांनी आदल्या दिवशी काढले होते. नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांचा घोष यजमानाचे बळ होता. पाहुण्याने त्यालाच आपल्या डावपेचाचे लक्ष्य केले.

मग घरच्या मैदानाचा लाभ ही केवळ समजूतच म्हणावयाची काय? तसेही नव्हे. 2011 पूर्वीच्या नऊ विश्वचषकांत कोणत्याही यजमान देशाने आपल्या भूमीवर अंतिम सामना जिंकला नव्हता, हे खरे. परंतु 2011 साली भारताने, 2015 साली ऑस्ट्रेलियाने आणि 2019 साली इंग्लंडने तो जिंकला. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवरच श्रीलंकेने 274 धावा केल्या, आणि आमचे दोन गडी 31 धावांत गेले. तिसरा गडी 114 वर बाद झाला तेव्हा महेंद्रसिंग धोनी हे बहरात असलेल्या युवराज सिंग यांच्याआधी स्वतः मैदानात उतरले. मुथय्या मुरलीधरन यांची फिरकी त्यांस चेन्नईच्या संघात जवळून परिचित झाली होती. गौतम गंभीर यांनी 97 व धोनी यांनी नाबाद 91 धावा केल्या. तो निर्णय फसला असता तर दिवाणखान्यातील वादांना आणखी एक विषय मिळाला असता. परंतु तो आठवणीवर वा आवेशावर घेतलेला नसून समोर उभ्या असलेल्या गोलंदाजाच्या ज्ञानावर घेतलेला होता. 1987 साली गूच यांनी ह्याच मैदानावर जे केले, त्याच जातीचे हे काम होते.

नाचता येईना, अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. अंगण स्वतःचे असताना ते वाकडे म्हणणाराला तर दुप्पट संकोच वाटला पाहिजे. घरचे मैदान ही वडिलोपार्जित इस्टेट नव्हे. प्रत्येक सामन्याच्या सकाळी ती नव्याने मिळवावी लागते, आणि पाहुण्याने आधी मिळविली तर तीवर त्याचाच हक्क लागतो. खेळाडूंचे हे काम झाले. आमच्यासारख्या प्रेक्षकांचे काम त्याहून सोपे आहे, पण ते आम्हांस अजून नीटसे साधलेले नाही. वाद अवश्य घालावेत; नाणेफेक, फलंदाजीचा क्रम, कपिल देवांचा तो फटका, सारे काही रात्रभर उगाळावे. पण पाहुणा चांगला खेळला, हे वाक्य त्या वादात एकदा तरी उच्चारले गेले पाहिजे. आमच्या घरात ते 1987 साली उच्चारले गेले नव्हते.