अर्भक मृत्युदराच्या शासकीय आकडेवारीची विश्वसनीयता : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
दर हजार जिवंत जन्मांमागे वयाचे एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण म्हणजे अर्भक मृत्युदर होय. विकसनशील देशांत अनेक मृत्यू नोंदलेच जात नसल्याने हा दर कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

नोंदणीची व्यवस्था :
१९६९ च्या कायद्याने देशभर जन्म-मृत्यू नोंदणी सक्तीची झाली. घरी घडलेल्या घटनेची खबर देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर आली. परंतु बारशापूर्वीच दगावलेल्या बालकाची नोंद करण्याची निकड कुटुंबास वाटत नसे. काही वेळा जिवंत जन्मलेले मूल मृत जन्मलेले म्हणून गणले जाई. ही उणीव ओळखूनच १९६९-७० पासून नमुना नोंदणी पद्धती देशभर राबविण्यात आली. तीत निवडक गावांतील सततची नोंद व स्वतंत्र सहामाही पाहणी परस्परांशी ताडून पाहिली जाते.

गडचिरोलीचा अनुभव :
डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली व प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १३ संस्थांच्या 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने बालमृत्यूंचा मोठा भाग शासकीय नोंदीबाहेर राहतो, हे दाखविले. त्यानंतर शासनाने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

तालुका पातळीवरील मर्यादा :
नमुना पद्धतीनुसार महाराष्ट्राचा दर २००१ मध्ये ४५, तर २०२० मध्ये १६ होता. मात्र हा दर राज्याचा आहे. राधानगरीसारख्या डोंगराळ तालुक्याचा दर त्यातून कळत नाही. त्यासाठी स्थानिक नोंदीच पाहाव्या लागतात. कायद्यानुसार नोंद घटनास्थळी होते. त्यामुळे राधानगरीतील बालक कोल्हापूरच्या रुग्णालयात दगावल्यास मृत्यू शहराच्या खाती जमा होतो. समजा, हजार जन्मांमागे १६ मृत्यू घडले व त्यांपैकी ४ तालुक्याच्या नोंदीत आले नाहीत, तर दर १२ दिसेल. अशा वेळी जेथे सेवेची गरज अधिक, तोच भाग कागदावर सुस्थितीत दिसतो.

निष्कर्ष :
केवळ कमी दर हा प्रगतीचा पुरावा ठरत नाही. तो अपुऱ्या नोंदीचाही परिणाम असू शकतो. म्हणून तालुकानिहाय दर काढताना मातेच्या निवासस्थानानुसार नोंदींची फेरजुळणी व ठरावीक काळाने घरोघरी पडताळणी होणे आवश्यक आहे.