मुलाचं वजन आणि घरातल्या मोठ्यांचा घाम

"डॉक्टर, तुम्हीच याला जरा दम द्या. आमचं काही ऐकत नाही."

आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या दवाखान्यात ऐकू येतं. तीन महिन्यांपूर्वी आलेला मुलगा नववीतला होता. वजन ८२ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय तीसच्या आसपास. आई तक्रारींचा पाढा वाचत होती. वडील मधूनमधून मोबाईल बघत होते, आणि त्यांचं स्वतःचं पोट शर्टाच्या बटणांवर ताण देत होतं. मुलगा मान खाली घालून फरशीकडे बघत होता.

मी दम दिला नाही. कारण दम देऊन, मोजमाप करून, चारचौघांत उभं करून मुलांना सडपातळ आणि तंदुरुस्त करण्याचे प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर होऊन गेले आहेत. खुद्द राष्ट्राध्यक्षांनी ते केले, सरकारांनी केले. त्यांचं काय झालं हे पालकांनी वाचावं म्हणून आजचा लेख. सुरुवात मात्र आपल्या घरापासून करू.

आधी स्वतः, मग प्रजा

सातारा जिल्ह्यातलं औंध हे एक लहानसं संस्थान. तिथले राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) हे चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि व्यायामाचे वेडे होते. त्या काळी यूजीन सँडो नावाच्या बलदंड माणसाची जगभर कीर्ती होती. आपण ज्याला आजही सँडो बनियन म्हणतो, त्यातला सँडो तो हाच. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये त्याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहा वर्षं नेमानं तो व्यायाम केला. मग १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्यानं ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि ते व्रत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढे त्यांनी संस्थानातल्या शाळांत मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार सुरू केले. त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. त्यांनी शाळांना फर्मान सोडलं ते स्वतः वर्षानुवर्षं घाम गाळल्यानंतर. राजवाड्यात राणीसाहेब आणि मुलंही नमस्कार घालत. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. त्यांनीही मोठेपणी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. लहानपणी घरात बघितलेली गोष्ट अशी आयुष्यभर टिकते.

एक खुलासा करतो. औंधचा दाखला मी वजन कमी झाल्याचा पुरावा म्हणून देत नाही. त्या काळी आपल्या मुलांचा मुख्य प्रश्न लठ्ठपणाचा नव्हता, अशक्तपणाचा होता. दाखला आहे तो सवय कशी रुजते याचा.

आणखी एक उदाहरण तुम्हाला माहीत असेल. लोकमान्य टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. वय सोळा-सतरा. पहिलं वर्ष त्यांनी तालीम, कुस्ती आणि पोहण्यात घालवलं आणि त्या वर्षी परीक्षेत नापास झाले. "दहावीचं वर्ष आहे, खेळ बंद" म्हणणाऱ्या पालकांना हे ऐकून घाम फुटेल! वर्ष वाया घालवा असं मी अजिबात म्हणत नाही. पण लक्षात घ्या, हे त्या मुलानं स्वतः ठरवलं होतं. मागे कुणी काठी घेऊन उभं नव्हतं.

राष्ट्राध्यक्षांची परीक्षा

आता अमेरिकेकडे वळू, कारण मुलांच्या तंदुरुस्तीला सरकारी परीक्षेचं रूप तिथे आलं. न्यूयॉर्कमधले मूळचे ऑस्ट्रियाचे डॉक्टर हान्स क्राउस पाठदुखीच्या रुग्णांसाठी सहा साध्या हालचालींची चाचणी वापरत. गुडघे न वाकवता पायाची बोटं शिवणं, पडल्या पडल्या पाय उचलून धरणं, अशा त्या हालचाली. हीच चाचणी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो शाळकरी मुलांवर करून पाहिली. अमेरिकेतली जवळपास ५८ टक्के मुलं निदान एका हालचालीत नापास झाली. इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली नापास मुलं होती ९ टक्क्यांहून कमी.

हे आकडे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत पोचले आणि खळबळ उडाली. १९५६ मध्ये त्यांनी तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी खास परिषद नेमली. १९६० च्या डिसेंबरमध्ये, शपथविधीच्या आधीच, केनेडींनी एका क्रीडा साप्ताहिकात अमेरिकन माणूस मऊ पडत चाललाय असा इशारा देणारा लेख लिहिला. त्यामागे शीतयुद्धाची भीती होती. उद्याचे सैनिक कमजोर निघाले तर काय?

शाळाशाळांत चाचण्या सुरू झाल्या. धावणं, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम, लांब उडी, बारला लोंबकळून शरीर वर खेचणं. १९६६ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावानं पुरस्कार मिळू लागला. तो कुणाला? प्रत्येक प्रकारात शंभरातल्या साधारण पहिल्या पंधरांत येणाऱ्याला. म्हणजे जो आधीच तयार आहे त्याला! बाकीच्यांच्या वाट्याला काय आलं, तर अख्ख्या वर्गासमोर बारला लटकून एकदाही वर न जाता येण्याची आठवण. त्या पिढीतली अनेक माणसं साठीतही हा प्रसंग विसरलेली नाहीत.

आणि वजनाचं काय झालं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला १२ ते १९ वयोगटातल्या अमेरिकन मुलांत लठ्ठपणा ६ टक्क्यांच्या आसपास होता. २०१५-१६ पर्यंत तो २० टक्क्यांच्या पुढे गेला. हे त्या परीक्षेमुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोटारी, टीव्ही, गोड पेयं, बाहेरचं खाणं, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण परीक्षेनं ते थांबवलं नाही, एवढं नक्की. २०१२-१३ च्या सुमारास तिच्या जागी मुलाची तुलना इतरांशी न करणारी पद्धत आणली गेली. २०२५ मध्ये जुनी परीक्षा पुन्हा आणण्याचा आदेश निघाला. माणसाला मोजण्याचा मोह सहजासहजी सुटत नाही.

सिंगापूरचा वजनकाटा

अमेरिकेत निदान ताकद मोजत होते. सिंगापूरनं थेट वजनच हाती घेतलं. १९९२ मध्ये तिथल्या शाळांत 'ट्रिम अँड फिट' नावाची योजना सुरू झाली. वजन जास्त असलेली मुलं वेगळी काढायची आणि त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी तो मधल्या सुट्टीत असे. बाकीची मुलं डबा खात बसलेली आणि ही मुलं मैदानाला फेऱ्या मारताहेत, असं दृश्य.

आकडे सुधारले, हे मान्य करायला हवं. जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण १४ टक्क्यांवरून दहा वर्षांत १० टक्क्यांच्या आसपास आलं. पण योजनेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं होती टी, ए, एफ. ती उलटी वाचली की होतं 'फॅट'. मुलांना हे शोधायला किती वेळ लागणार? चिडवाचिडवी सुरू झाली. काही मुलींमध्ये खाण्याचे मानसिक विकार दिसू लागल्याची काळजी डॉक्टरांनी व्यक्त केली. २००७ मध्ये सरकारनं ही योजना बंद केली आणि सगळ्याच मुलांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी नवी चौकट आणली. नंतरच्या वर्षांत वजनाचे आकडे पुन्हा वर सरकले.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी चौदा वर्षांची एक मुलगी आजीबरोबर आली होती. मी हसत हसत म्हणालो, "दहा किलो कमी केल्याशिवाय मला तोंड दाखवायचं नाही हं." आजी हसली, मीही हसलो. मुलीनं खरंच तोंड दाखवलं नाही. दोन वर्षांनी आई भेटली तेव्हा कळलं, की पोरगी शाळेत डबा उघडत नव्हती, रात्री सगळे झोपल्यावर फरसाणाचा डबा संपवत होती, आणि डॉक्टर म्हटलं की रडत होती. वजन तर वाढलंच होतं. सिंगापूरची गोष्ट मी नंतर वाचली तेव्हा पहिली ती मुलगी आठवली.

मग उपयोग कशाचा होतो?

याचंही उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टीन यांनी सहा ते बारा वर्षांच्या लठ्ठ मुलांचे गट केले. सगळ्यांना आहार-व्यायामाचं शिक्षण तेच. फरक एवढाच, की एका गटात वजन कमी करण्याची जबाबदारी मूल आणि पालक दोघांवर होती, दुसऱ्या गटात फक्त मुलावर, आणि तिसऱ्यात नेमकी अशी कुणावरच नव्हती. दहा वर्षं पाठपुरावा करून १९९० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पालकांसह उतरलेल्या मुलांचं जादा वजनाचं प्रमाण सुरुवातीपेक्षा ७.५ टक्क्यांनी घटलेलं होतं. एकट्या मुलांच्या गटात ते ४.५ टक्क्यांनी वाढलं होतं, तिसऱ्या गटात १४.३ टक्क्यांनी.

ही मुलं लहान होती. वयात आलेल्या मुलांबद्दल २०१३ मध्ये मिनेसोटातून एक अभ्यास आला. ज्या घरांत पालक मुलाच्या वजनावर, आकारावर बोलत, तिथल्या मुलांत उपाशी राहणं, मग अधाशासारखं खाणं असे प्रकार जास्त दिसले. जिथे बोलणं सकस खाण्याबद्दल होतं, तिथे ते कमी होते.

औंधच्या राजवाड्यात जे सहज घडत होतं, तेच हे अभ्यास आकड्यांत मांडतात, असं मला वाटतं. म्हणून माझ्या रुग्णांना मी काय सांगतो ते थोडक्यात :

- वजनावरून टोमणे बंद. "जाड्या", "ढोल्या" प्रेमानंसुद्धा नाही. काका-मामा-आत्या यांनाही ही सूचना द्या.
- मुलासाठी वेगळं ताट नको. फरसाण, बिस्किटं, सरबतं, कोल्ड्रिंक घरात आणणंच कमी करा. भाकरी किंवा पोळी, डाळ-उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक हे सगळ्यांसाठी.
- उपास, क्रॅश डाएट, पावडरी नकोत. हे उंची वाढण्याचं वय आहे. वजन जरी स्थिर राहिलं आणि उंची वाढली, तरी ती प्रगतीच आहे.
- जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. ती एकदम नाही जमली तर वीस मिनिटांपासून सुरू करा. खेळ मुलाला निवडू द्या : सायकल, पोहणं, कबड्डी, नाच, काहीही.
- झोप पुरेशी, मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर. सगळ्यांचे मोबाईल!

आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं? मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा दिसत असेल, मूल मोठ्यानं घोरत असेल, मुलीची पाळी अनियमित असेल, उंची वाढायची थांबली असेल, किंवा घरात मधुमेह असेल तर थांबू नका. रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासावं लागतं. मूल जेवण टाळतंय, लपून खातंय किंवा खाल्ल्यावर उलट्या काढतंय अशी शंका आली, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी ते सांगा.

त्या नववीतल्या मुलाच्या वडिलांना मी विचारलं होतं, "तुम्ही शेवटचं कधी धावला होतात?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग मुलाला विचारलं, "तुला काय आवडेल?" तो म्हणाला, "बॅडमिंटन. पण खेळायला कुणी नाही."

गेल्या आठवड्यात दोघे आले होते. मुलाचं वजन ८१, उंची १६७. आई म्हणाली, "एकच किलो, डॉक्टर?" मी तिला बीएमआयचा तक्ता दाखवला, ३० वरून २९. मुलगा आता चार मजले न थांबता चढतो. वडिलांचं वजन मात्र साडेतीन किलो उतरलंय आणि त्यांचा गुडघा थोडा दुखतोय. त्यासाठीच खरं तर ते आले होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबांना लवकर बरं करा. रविवारी मॅच आहे आमची."