जपानी भाषेची परीक्षा पास होऊनही जपानमधल्या दुकानात का अडकायला होतं?

जपानी शिकायला लागलेल्या मराठी माणसाचे पहिले काही आठवडे मोठे सुखाचे जातात. 'मी पाणी पितो' हे जपानीत 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु'. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं आपल्याच क्रमाने. 'घरात', 'पुण्याला' यातले प्रत्यय जसे शब्दाच्या नंतर लागतात, तसंच तिथेही. त्यांची मुळाक्षरं आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी लावलेली असतात. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आलेला आहे.

पुढे कांजी ही चिनी अक्षरं येतात आणि सुख संपतं. हिरागाना आणि काताकाना या लिप्यांची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, पण रोजच्या वापराच्या सरकारी यादीत कांजी आहेत २,१३६. तरी घोकून ती पाठ होतात. खरी अडचण वेगळीच आहे.

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा एन-५ या सोप्या पातळीपासून एन-१ पर्यंत असते. पुण्यातही ती होते. तिच्यात वाचन असतं, ऐकणं असतं, पण बोलण्याची परीक्षाच नसते! त्यामुळे बरी पातळी गाठलेला माणूसही कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, गांगरतो. काउंटरवरची मुलगी एका दमात विचारते: डबा गरम करून देऊ का, पिशवी हवी का, पॉइंट कार्ड आहे का. तेही 'केइगो'त, म्हणजे ग्राहकाशी बोलायच्या खास आदरार्थी भाषेत. पुस्तकातलं साधं क्रियापद तिच्या वाक्यात सापडतच नाही.

यावर सगळे परदेशी लोक लवकर शिकतात तो शब्द म्हणजे 'दाइजोबु देसु'. याचा अर्थ 'ठीक आहे'. पण पिशवीच्या प्रश्नाला हे उत्तर दिलं तर अर्थ होतो 'नको'. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न दर वेळी येतोच. 'चोत्तो'चंही तसंच. शब्दशः अर्थ 'थोडंसं'. पण 'रविवारी येणार का?' याला कोणी 'रविवार जरा चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर तो सरळ नकार समजायचा. आपल्याकडचं 'बघू, जमलं तर' आठवलं की हे लगेच कळतं.

कचऱ्याचं प्रकरणही असंच. जळणारा, न जळणारा, बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला. बाटलीचं झाकण आणि वरचं लेबल वेगळं काढायचं. चूक झाली तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच ठेवली जाते, आणि शेजारपाजारचे सगळे बघतात. भाषेच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण १७ जानेवारी १९९५ ला कोबे भागात भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसं गेली. तेव्हा तिथल्या अनेक परदेशी रहिवाशांना सूचनाच समजल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजीही येत नव्हतं. त्यातून 'यासाशी निहोंगो' म्हणजे सोपी जपानी पुढे आली. 'यासाशी'चे अर्थ दोन: सोपं आणि प्रेमळ. 'ताकादाइ नि हिनान' (उंच भागी स्थलांतर) ऐवजी 'ताकाइ तोकोरो नि निगेते' (उंच जागी पळा) असं सांगायचं. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपातही टीव्हीच्या पडद्यावर सोप्या अक्षरांत 'त्सुनामी, निगेते' असं झळकत होतं.

म्हणून जपानला जाणाऱ्याने ओळख करून द्यायची वाक्यं पाठ करण्याआधी काही शब्द पक्के करावेत. 'जिशिन' म्हणजे भूकंप, 'अबुनाइ' म्हणजे धोका, 'निगेते' म्हणजे पळा. पोलिसांचा नंबर ११०. आग आणि रुग्णवाहिका, दोन्हींसाठी ११९. तिथे फोन उचलणारा आधी विचारतो, 'काजी देसु का, क्यूक्यू देसु का?' आग लागली असेल तर 'काजी', रुग्णवाहिका हवी असेल तर 'क्यूक्यू', एवढं म्हटलं तरी पुरतं. पुढचा प्रश्न पत्त्याचा असतो. आपला पत्ता जपानीत सांगता यायला हवा.