खासगी बाजार : ग्वाल्हेरच्या प्रसिद्धिकलेचा पूर्वेतिहास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘खासगी बाजार’ या नावाचा एक मोहल्ला आहे. नाव प्रथम ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकते. बाजार म्हटला म्हणजे तो चारचौघांचा. आणि खासगी म्हणजे, आजच्या बोलण्यात, जेथे चारचौघांनी डोकावू नये ते. परंतु मराठेशाहीच्या दप्तरात या शब्दाचा अर्थ असा नव्हता. राज्याचा जमाखर्च तो दौलतीचा, आणि धन्याच्या वाड्याचा, मुदपाकखान्याचा, जामदारखान्याचा, देवघराचा, दानधर्माचा जो जमाखर्च तो खासगीचा. थोरल्या बाजीरावांनी १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली, आणि अहिल्याबाईंच्या धर्मकृत्यांना पुढे याच खासगीचा आधार मिळाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. एवढेच नव्हे, तर या इंदूरच्या खासगीच्या न्यासाला सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो की नाही, हा वाद २०२२ सालापर्यंत चालला, आणि तो लागू होतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या जुलैत दिला. म्हणजे वाड्याची खासगी कोठे संपते आणि लोकांचा बाजार कोठे सुरू होतो, हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही. आम्हांस तो येथे निराळ्याच प्रयोजनाने विचारावयाचा आहे.

आज ग्वाल्हेरसारख्या शहरात जाहिरात आणि जनसंपर्क यांचा धंदा करणाऱ्या संस्था आहेत. कापडाच्या नव्या पेढीचे उद्घाटन, नव्या पोषाखांचे प्रदर्शन, मेळ्यातील मंडप, वार्ताहरांची बैठक, दुसऱ्या दिवशीच्या पत्रातले छायाचित्र आणि हातोहाती फिरणारी चित्रफीत, ही कामे त्या मोबदला घेऊन करतात. हा धंदा अमेरिकेतून आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. नावापुरती ती खरी आहे, कामापुरती नाही. हीच कामे पूर्वी दरबारात नाना हुद्द्यांवर वाटून दिलेली होती. भालदार-चोपदार ललकारी देत. दवंडीवाला गल्लोगल्ली हुकूम पोचवी. भाट वंशाची कीर्ती गाई. जामदारखाना मानाची वस्त्रे काढून देई. अखबारनवीस दरबाराची रोजची हकीगत लिहून बाहेर धाडी. आणि परक्या दरबारी राहून आपल्या धन्याची बाजू व अब्रू राखणारा जो, तो वकील. आम्हां कायद्याच्या व्यावसायिकांनी हे नाव त्या दरबारी वकिलाकडूनच उचलले आहे. तेव्हा या इतिहासाकडे आम्ही काहीशा आप्तभावाने पाहत असल्यास त्यात नवल नाही.

या कलेचा सर्वांत मोठा जाणता पुरुष शिंद्यांच्या घराण्यात निपजला. महादजी शिंदे यांनी १७८४ साली दिल्लीच्या शाह आलमकडून पेशव्यांस ‘वकील-इ-मुतलक’ हे पद मिळविले आणि त्यांचे नायब म्हणून हिंदुस्थानचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले, ते हे पद आणि त्याची वस्त्रे सवाई माधवरावांस रीतसर अर्पण करण्याच्या निमित्ताने. पेशव्यांच्या दरबारी जाताना ते हत्तीवरून दूर अंतरावरच उतरले, मानकऱ्यांच्या रांगेत सर्वांच्या खाली उभे राहिले, आणि बसा म्हणताच काखेतले गाठोडे सोडून त्यातून नवा जोडा काढून पेशव्यांपुढे ठेवला. जुना जोडा उचलून घेत, हे आपल्या वडिलांचे काम, तेच आपले, असे ते म्हणाल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. ज्याच्या कवायती पलटणी उत्तरेत कोणास आवरत नव्हत्या, त्याने स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेण्याचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही.

मग फर्मानबाडीचा सोहळा झाला. मुद्दाम उभारलेल्या प्रचंड डेऱ्यांत बादशाही तख्ताची प्रतिकृती मांडून तिच्यावर फर्मान आणि खिलत ठेवली होती. पेशव्यांनी तख्ताला तीन वेळा मुजरा केला, एकशे एक मोहरांची नजर ठेवली. फार्सी मुनशीने फर्माने वाचली, त्यांत गोवधबंदीचेही एक होते. नंतर नऊ वस्त्रे, पाच रत्नालंकार, ढाल-तलवार, कलमदान, शिक्के, मोरचेले, नालखी, पालखी, घोडा, हत्ती, आणि माहीमरातबासह बादशाही निशाणे वाहणारे आणखी सहा हत्ती, असा सरंजाम अर्पण झाला. पुण्याच्या लोकांनी तोवर पाहिलेल्या सर्व थाटांवर या थाटाने ताण केली, असे ग्रँट डफ लिहितो. ज्याच्या नावाने हे सर्व चालले होते तो बादशहा दिल्लीत आंधळा होऊन बसला होता; गुलाम कादिराने १७८८ साली त्याचे डोळे काढले होते. नाना फडणवीसांस या सोहळ्याचे मर्म कळत होते, म्हणूनच पेशव्यांनी ही बिरुदे घेऊ नयेत असा त्यांचा आक्षेप होता. तो चालला नाही. सत्ताहीन बादशहाचा एक कागद घेऊन त्याला वस्त्रे, हत्ती आणि वाद्ये यांनी असे वजन आणणे, की विरोधकासही उठून मुजरा करावा लागावा, हे आजच्या कोणत्याही जनसंपर्क संस्थेस साधलेले आम्हांस ठाऊक नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा सोहळा कोणी मांडला याविषयी त्या डेऱ्यात एकाही माणसाच्या मनात संदेह नव्हता. हत्ती शिंद्यांचे, डेरे शिंद्यांचे, शिपाई शिंद्यांचे. चोपदाराच्या छातीवर धन्याचा बिल्ला असतो. तो ज्याची स्तुती ललकारतो त्याचेच अन्न खातो, हे ऐकणारास दिसत असते. स्तुती अतिशयोक्तीची असेल, पण ती चोरून आलेली नसते. आमच्या मते जुन्या व नव्या प्रसिद्धीतला खरा फरक येथे आहे, यंत्रांत नाही.

शिंद्यांच्या या वैभवामागे आपल्या कोकण-गोमंतकाकडची माणसेही होती. महादजींचे बक्षी जिवबादादा हे पेडणे महालातील केरीचे, म्हणून केरकर. त्यांच्याबरोबर लखबादादा लाड यांचे नावही सारस्वत घराण्यांत अभिमानाने घेतले जाते. दौलतराव शिंद्यांची फिरती छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि छावणीचेच शहर झाले, तेच आजचे लष्कर. त्याच्या आदल्या वर्षी त्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ साली छापली गेली. छावणीतले बाजार, होळी आणि दसरा यांची वर्णने त्यांत आहेत. सैन्य हलले की बाजारही हलत असे. तंबू जाऊन घरे आली तरी नावे उरली : आंग्रे का बाजार, फालका बाजार, आपटे की पायगा, चिटणीस की गोठ, ढोलीबुवा का पूल. मराठी आडनावांना हिंदी प्रत्यय लागून झालेली ही नावे म्हणजे त्या छावणीची हजेरीपत्रकेच होत.

पुढल्या पिढ्यांचे प्रेक्षक बदलले. जयाजीरावांनी १८७४ साली उभारलेला जयविलास महाल मायकेल फिलोस याने योजला, आणि दोनच वर्षांनी इंग्लंडच्या युवराजाचे तेथे स्वागत झाले. दरबार दालनातील प्रचंड झुंबरे छताला पेलतील की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी कथा आजही प्रत्येक पाहुण्यास सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिने महालाची जाहिरात दीडशे वर्षे फुकट केली आहे.

माधवराव महाराज (१८८६ ते १९२५) हे तर या बाबतीत विसाव्या शतकाचे पुरुष. १९०० साली चीनच्या मोहिमेस त्यांनी एक रुग्णवाहू जहाज सज्ज करून दिले, त्याचे नाव ‘ग्वाल्हेर’. जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची लहानशी आगगाडी त्यांनी करविली. तिच्या सात डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाची रोमन लिपीतील सात अक्षरे आहेत, आणि पाहुण्याने डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते. मद्य घेणाऱ्याच्या हातात पेला येण्यापूर्वी डोळ्यांपुढे यजमानाचे नाव! पण त्यांच्या कारकिर्दीतील खरे महत्त्वाचे वर्ष १९०५ हे होय. त्या वर्षी ग्वाल्हेरचा मेळा सुरू झाला, आरंभी गुराढोरांचा. त्याच वर्षी ‘जयाजी प्रताप’ हे दरबारी साप्ताहिक निघाले. आणि वर्षअखेरीस पुढे पाचवा जॉर्ज झालेला युवराज ग्वाल्हेरास येऊन गेला. मेळा, वृत्तपत्र आणि पाहुणा, ही जनसंपर्काची तिन्ही साधने एका धन्याने एका वर्षात हाती घेतली. वस्त्रांकडेही त्यांचे लक्ष होते : चंदेरीच्या विणकरांसाठी १९१० साली संस्थानने शिक्षणकेंद्र काढले. संगीतासाठी १९१८ साली भातखंडे यांच्या पद्धतीचे माधव संगीत विद्यालय निघाले. ‘जयाजी प्रताप’ हे स्वतंत्र बाण्याचे पत्र होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु त्याच्या मस्तकावर घराण्याचेच नाव होते. वाचणाऱ्याने त्याप्रमाणे वजन घालून घ्यावे. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १९०६ साली, अमेरिकेत आयव्ही ली याने आपल्या धंद्याचे तत्त्व म्हणून जाहीर केले ते हेच, की आपले काम उघड चालेल आणि ते कोणाच्या वतीने चालले आहे हे सांगितले जाईल. बिल्ल्याचे तत्त्व त्याने नव्याने शोधले, एवढेच.

मग खासगीची थैली आवळली. १९४८ साली ग्वाल्हेर मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा जिवाजीराव महाराजांस सालीना २५ लाख रुपयांचा तनखा ठरला. वारसांसाठी तो १० लाखांवर येणार होता. राष्ट्रपतींनी १९७० च्या सप्टेंबरात सर्व संस्थानिकांची मान्यता काढली. त्याविरुद्धच्या दाव्यात त्याच वर्षी १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केले. तो निवाडा कायद्याच्या ग्रंथांत माधवराव शिंदे यांच्याच नावाने ओळखला जातो. विजय वर्षभरच टिकला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या दोन्ही गेल्या.

थैली आवळली तरी कला उपाशी राहिली नाही. ती बाजाराच्या चाकरीस गेली. ऑगस्ट १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी स्थापन झाली होती. तिच्या ‘ग्वाल्हेर सूटिंग’ या कापडाच्या जाहिरातींत कोणाचे चित्र झळकावे, तर क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांचे. तनख्याच्या प्रश्नावर १९७१ ची निवडणूक लढवून हरलेला हा नबाब. पदवी गेली, पण ऐट शिल्लक होती, आणि ती ऐट वाराच्या भावाने विकता येते हे जाहिरातदारांनी ओळखले. एका संस्थानाचे नाव आणि दुसऱ्या संस्थानाचा चेहरा घेऊन गावोगावच्या शिंप्यांच्या दुकानांत कापड गेले. याही व्यवहारात लबाडी नव्हती. जाहिरात ही जाहिरात म्हणूनच छापली जात होती.

बिल्ला उतरला तो नंतर. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्याची चौकशी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीस करावी लागली. ग्वाल्हेरच्या शेजारच्या दतियातही अशाच आरोपावरून एका आमदारास निवडणूक आयोगाने २०१७ साली अपात्र ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तो आदेश रद्द केला. कोणाचा पक्ष बरोबर होता हे येथे ठरवावयाचे नाही. पण स्तुतीचा मजकूर बातमीच्या पोषाखात आला, की तो कोणाच्या अन्नावर वाढला हे न्यायालयात सिद्ध करणे किती कठीण असते, ते या प्रकरणात दिसले. पावती नसते, साक्षीदार नसतो. सारख्या शब्दांचे मजकूर दोन पत्रांत सापडले, एवढाच काय तो पुरावा असतो. कायद्याने आता दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. आणि जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वस्तूची शिफारस करणाऱ्याने विकणाऱ्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड सांगितला पाहिजे. चंदेरी साडी नेसून चित्रफितीत मिरवणाऱ्या तरुणीस ती साडी पेढीने भेट दिली असेल, तर तसे म्हणावे लागते. चोपदारास बिल्ला घालण्याचा हुकूम झाला आहे. तो अमलात येताना दिसतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक यावयास हवा.

लष्करात जुने प्रसंगही चालू आहेत. दसऱ्यास मांढरे की मातेपाशी शिंदे घराण्याचे प्रमुख शमीपूजन करतात. तलवार लागताच शमीची पाने लुटण्यास एकच झुंबड उडते आणि छायाचित्रकारांचीही. डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. १९२४ साली सुरू झालेल्या या उत्सवाचे शंभरावे वर्ष २०२४ साली साजरे झाले. त्याच सुमारास मेळा उभा राहतो, आणि अलीकडे काही वर्षे तेथे विकल्या जाणाऱ्या वाहनांना राज्य सरकारने मार्गकरात निम्मी सूट दिल्याने बैलांच्या जागी मोटारी उभ्या असतात. समारोहाची वार्तापत्रे शासनाच्या जनसंपर्क विभागाकडून पत्रांस जातात. सायंकाळच्या मैफिलींपूर्वी, सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी मात्र वेगळाच क्रम आहे : प्रथम सनई, मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाची हरिकथा, मग मिलाद आणि चादर. मुसलमान फकिराच्या आणि गवयाच्या समाधीपुढे मराठी परंपरेचा हा कीर्तनकार उभा राहतो. आणि कथेस हात घालण्यापूर्वी नमनात देवाचे व आपल्या गुरूचे नाव घेण्याची कीर्तनाची रीत आहे.