‘करून राहिला’ची कुळकथा

नागभीडच्या स्थानकावर कोणी ‘गाडी निघून राहिली’ असे म्हणाले, तर पुण्याकडून प्रथमच आलेला पाहुणा गाडी हुकली असे समजून हताश होईल आणि त्याच क्षणी गावचा माणूस गाठोडे सावरून डब्याकडे धावू लागेल; कारण ज्या दोन क्रियापदांतून एकाला गाडी गेल्याचा बोध झाला, त्याच दोहोंतून दुसऱ्याला ती सुटण्याच्या बेतात असल्याची वर्दी मिळाली. ‘काय करून राहिला?’, ‘मी बांधीवर जाऊन राहिलो’, ‘बाई रोवणा करून राहिली’ ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतील नित्याची बोलणी. बोलताना ‘राहिला’चा ‘रायला’ होतो, पण लिंगवचनाचा विवेक सुटत नाही. रूप भूतकाळाचे आणि अर्थ मात्र डोळ्यांदेखत चाललेल्या क्रियेचा, असा हा प्रयोग सबंध विदर्भात रूढ आहे. आणि तो अशुद्ध म्हणून हेटाळला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याचे कूळ थोर आहे.

एकट्या धातूच्या अंगी जेवढा अर्थ असतो तेवढ्याने माणसाचे व्यवहार भागत नाहीत, म्हणून धातूला सोबती देण्याची युक्ती आर्यकुळातील भाषांनी फार पूर्वीच योजली. एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांशी नाते न सांगणारे शब्द संस्कृतात निर्माण झाले ते उपसर्गांच्या बळावर. या उपसर्गांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, यावर निरुक्तकार यास्काच्याही पूर्वी वाद माजला होता. धातूपासून तोडले असता ते काहीच सांगत नाहीत हे शाकटायनाचे मत आणि त्यांना स्वतंत्र अर्थ आहेत हे गार्ग्याचे, अशी दोन्ही मते निरुक्तात नोंदलेली आहेत. पाणिनीने उपसर्ग धातूच्या पूर्वी यावा असा नियम घालून दिला. परंतु वेदात तो धातूच्या मागे येतो, मध्ये इतर पदे घालून दूरही राहतो, हे त्याने लगोलग सांगून ठेवले. म्हणजे वेदकाळी उपसर्ग हा मोकळा फिरणारा शब्द होता आणि पुढे तो धातूला कायमचा चिकटला.

मराठीपर्यंत येता येता तर तो धातूच्या पोटातच विरघळला. ‘उठणे’ आणि ‘उतरणे’ यांत ‘उत्’, ‘आणणे’ यात ‘आ’, ‘विकणे’ यात ‘वि’, ‘पसरणे’ यात ‘प्र’, ‘बसणे’ यात ‘उप’ लपलेला आहे हे व्याकरणकाराने दाखवल्यावाचून कोणाच्या ध्यानातही येत नाही. जुना सोबती असा निकामी झाल्यावर मराठीने नवा सोबती धातूच्या पाठीमागे उभा केला, आणि तो अव्ययातून न निवडता क्रियापदांतूनच निवडला: देऊन टाकणे, निघून जाणे, करून बसणे, वाचून काढणे. ‘देऊन टाकले’ यात कोणी काही फेकत नाही आणि ‘चूक करून बसला’ यात कोणी बसत नाही; दुसऱ्या क्रियापदाने आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याची सेवा पत्करलेली असते.

इंग्रजीचा प्रवास याच न्यायाने, परंतु निराळ्या वाटेने झाला. प्राचीन इंग्रजीतही उपसर्ग धातूच्या आधी जोडलेले असत. ते हळूहळू क्षीण झाले आणि त्यांची जागा मागाहून येणाऱ्या ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारख्या सुट्या शब्दांनी घेतली. बाराव्या शतकातील पीटरबरोच्या बखरीत ही नवी घडण दिसू लागते, आणि उत्तरेकडून येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेने तिला हातभार लावला असे मानतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही मिळून मात्र सोडून देणे. इतकेच नव्हे, तर वेदातल्या उपसर्गाप्रमाणे हा सुटा शब्द कर्माला मध्ये घालून दूरही जाऊन बसतो. परक्यांना इंग्रजीत सर्वांत अवघड वाटते ते हेच, असे सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले. आणि या जोडक्रियापदांचे ‘फ्रेजल व्हर्ब’ हे आजचे नाव लोगन पिअर्सल स्मिथच्या 1925 च्या ग्रंथामुळे रूढ झाले, ज्याचे श्रेय त्याने कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले.

आता पुन्हा झाडीकडे वळू. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य 1751 साली नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले, 1854 साली तो सारा मुलूख इंग्रजांनी खालसा केला आणि 1861 साली मध्य प्रांताची स्थापना होऊन जबलपूरकडील हिंदी जिल्हे व नागपूर-चांद्याकडील मराठी जिल्हे एकाच सरकारच्या दफ्तरात नोंदले गेले. हा संसार 1956 पर्यंत चालला. कचेरीत, बाजारात, रेल्वेत आणि जंगलखात्यात हिंदी कानी पडतच होती, आणि हिंदीत चालू क्रियेसाठी ‘कर रहा है’ ही रचना तयार होती. विदर्भाच्या मराठीने ती घेतली, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. परंतु कशी घेतली, हे पाहण्यासारखे आहे. शब्द उचलून आणला नाही. हिंदीतल्या उघड्या ‘कर’च्या जागी मराठीने आपले ‘करून’ बसवले. आणि ‘बसून राहणे’, ‘पडून राहणे’, ‘टिकून राहणे’ हे प्रयोग तिच्या घरी आधीच होते, म्हणून ‘राहणे’ परके वाटण्याचे कारणच नव्हते. स्थितीपुरता असलेला हा सोबती विदर्भात सर्व क्रियांना लागू झाला, एवढाच काय तो फरक.

आणि तो पूर्णपणे लागू झाला याचा पुरावा असा, की नागपूरला बिऱ्हाड केलेल्या माणसाविषयी इकडे ‘तो नागपूरला राहून राहिला’ असेही बोलतात. पहिले ‘राहणे’ वस्तीचे, दुसरे निव्वळ काळाचे. भाषेच्या इतिहासात एखाद्या क्रियापदाचे व्याकरणाच्या साधनात रूपांतर झाले, असे म्हणायला याहून स्वच्छ साक्ष नको.

नागभीडच्या शाळेतील मुले इंग्रजीच्या तासाला ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ यांच्या याद्या पाठ करतात आणि मराठीच्या तासाला ‘करून राहिलो’ म्हटल्याबद्दल बोलणी खातात. प्रमाणभाषा त्यांना अवश्य शिकवावी, अर्जात आणि निबंधात ‘करीत आहे’ लिहायला लावावे, यात माझा मतभेद नाही. पण झाडीतल्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, की इंग्रजी क्रियापदांची जोडणी समजावताना आरंभ मुलांच्या तोंडच्या या प्रयोगापासून करावा, आणि तो चूक म्हणून तांबड्या शाईने खोडण्याऐवजी फळ्यावर उदाहरण म्हणून लिहावा.