आडवा बंब

तांबट आळीत मी तांब्याचा पत्रा आणि ड्रॉइंग घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हा तर आडवा बंब आहे." टूलरूममध्ये उभा जन्म काढलेल्या मला माझ्या छोट्या आगगाडीच्या बॉयलरचं इतकं नेमकं वर्णन कधी सुचलं नव्हतं.

शंभर वर्षांपूर्वी या आडव्या बंबावरूनच लंडनच्या हौशी इंजिनवाल्यांत कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. 'बॅटल ऑफ द बॉयलर्स' असं लढाईला शोभेलसं नावही त्याला मिळालं.

पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढलं. दिवसभर कचेरीत किंवा कारखान्यात राबून रात्री परसातल्या खोपटात पायाने लेथ चालवणाऱ्यांसाठी ते होतं. त्यांच्यातले बरेच जण आगगाडीची इंजिनं करत. अडीच इंची, म्हणजे दोन रुळांत अडीच इंच अंतर असलेल्या, रुळांवरची इंजिनं धावायची ती बहुधा स्पिरिटवर. बॉयलर म्हणजे पाण्याचं नळकांडं, त्याला खालून बारीक नळ्या जोडलेल्या आणि त्यांच्याखाली स्पिरिटच्या वाती. चुलीवर भांडं ठेवावं तसा प्रकार. वाफ व्हायची, इंजिन स्वतःपुरतं डौलात पळायचं. एवढ्याशा मापात कोळसा नीट जळणार नाही, असं बऱ्याच जाणत्यांचं मत होतं. बॅसेट-लोक ही नॉर्दम्प्टनची नावाजलेली कंपनी आणि हेन्री ग्रीनली हे तिचे बुद्धिमान डिझायनर, अशी मातब्बर मंडळी त्या बाजूला होती.

१९२२ साली एका गृहस्थाने या मताला उघड आव्हान दिलं. नाव लॉरेन्स, पण तो लिहायचा 'एल.बी.एस.सी.' या सहीने. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची ही आद्याक्षरं. तरुणपणी त्याने त्या रेल्वेत इंजिनं पुसली होती. त्याचं म्हणणं एवढंच, की खऱ्या इंजिनासारखा बॉयलर करा, पोटात कोळशाची भट्टी ठेवा, धूर पाण्यातून गेलेल्या नळ्यांवाटे बाहेर काढा. म्हणजे आपला बंबच. पुरावा म्हणून त्याच्याकडे स्वतः केलेलं 'आयेशा' नावाचं इंजिन होतं.

गोम नळ्यांत होती. अडीच इंची रूळ म्हणजे खऱ्या गाडीच्या रुळांचा सुमारे बाविसावा हिस्सा. त्याच हिशेबाने दोन इंची नळी बारीक केली तर ती सव्वादोन मिलिमीटरची होते आणि पहिल्याच फेरीत काजळीने बुजते. म्हणून नळ्या मोजक्या आणि रुंद ठेवायच्या. दुसरी युक्ती खऱ्या इंजिनांचीच. सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यात वर सोडायची. ती जाताना भट्टीतली हवा ओढून नेते, त्यामुळे इंजिन जेवढं जास्त ओढेल तेवढा विस्तव फुलतो. बंबाला फुंकणीने फुंकर घालताना नाकातोंडात धूर गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९२४ साली दोन्ही पक्षांची लंडनमध्ये प्रत्यक्ष गाठ पडली. समोर बॅसेट-लोकचं 'चॅलेंजर' होतं. आयेशाने कोळशावर मोठी माणसं ओढून दाखवली. मी अर्थात एल.बी.एस.सी.च्या बाजूचा, पण ग्रीनलींना मूर्ख ठरवणारे लोक मला पटत नाहीत. पुढे रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च ही पंधरा इंची रुळांची रेल्वे आखण्यात त्यांचा मोठा हात होता. एल.बी.एस.सी.ची जीभ मात्र फार तिखट होती.

त्याचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. 'मॉडेल इंजिनिअर'मध्ये तो वर्षानुवर्षं इंजिनं करायला शिकवत राहिला. कुठलं भोक आधी पाडायचं, तुकडा चकमध्ये कसा धरायचा, पत्र्याची कड कशी वळवायची, सगळं शेजारी उभं राहून सांगितल्यासारखं. 'टिच' हे त्याचं चिमुकलं इंजिन तर नवशिक्यांसाठीच होतं. १९६७ साली तो गेला. त्याची ड्रॉइंग्ज घेऊन लोक आजही लेथपाशी उभे राहतात, मीही त्यातलाच.

बॉयलरच्या सांध्यांना चांदीचा डाग द्या असं तो बजावून सांगायचा. पहिल्या बॉयलरला मी शहाणपणा करून कथलाचा दिला. गच्चीवर वाफ धरली, रूळ पुसायच्या नादात पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे लक्ष राहिलं नाही. पाणी उतरलं, भट्टीचा माथा कोरडा पडला आणि कथील वितळून थेंबाथेंबाने निखाऱ्यांवर गळू लागलं. मग फुस्स करून सगळी वाफ धुराड्यातून निघून गेली. माझं नशीब, की फाटलं काही नाही. बायको वाळवण उचलून खाली गेली ती दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतर तांबट आळी. म्हाताऱ्याने पत्रा लाल होईतो तापवला, पाण्यात बुडवला. मऊ पडलेलं तांबं लाकडी ठोकळ्यावर घेऊन कड वळवायला लागला. ठोके बसतात तसं तांबं पुन्हा कडक होत जातं, ते त्याला आवाजावरून कळायचं. आवाज बदलला की पत्रा परत भट्टीत. चार वेळा तापवून कड पुरी झाली. मी व्हर्निअर लावून पाहिलं, तर फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नव्हता. त्याने विचारलं, "तोटी कुठं बसवायची?"