तंजावरचा ऊ कुठे गेला?

तमिळमध्ये ज्याला तंजावूर म्हणतात, त्या गावाला मराठीत तंजावर म्हणतात. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी स्थापली आणि 1855 साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. जुन्या मराठी कागदांत या गावाला चंदावरही म्हटलेले आढळते, पण शेवटी 'वर' तिथेही आहेच. 'ऊर' म्हणजे गाव. ज्या शब्दाने नावाला अर्थ दिला त्याचाच स्वर आपण गाळला, आणि याचे खापर सहसा ढिसाळ उच्चारावर फोडले जाते. मला यात ढिसाळपणा दिसत नाही, मराठी प्रत्ययाची करामत दिसते.

प्रत्यय लागला की मराठी शब्द आतून हलतो. नागपूर, पण नागपुरात. तिथे ऊ नुसता ऱ्हस्व होतो. मात्र ऊच्या आधी स्वर असेल तर तो टिकतच नाही: देऊळ, देवळात, पाऊस, पावसात. तंजावूरमधला 'वू' मराठी तोंडात 'ऊ' होतो, तेव्हा हा शब्द देऊळ-पाऊस यांच्याच पंगतीला बसतो. तं-जा-ऊर ही तीन अक्षरे, आणि 'आत' जोडूनही तं-जाव्-रात तीनच. तमिळमध्ये 'इल्' लागला की तन्-जा-वू-रिल् अशी चार होतात आणि ऊ जागचा हलत नाही. फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक या इंग्रजी शब्दांत प्रत्ययामागे आघात पहिल्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अक्षरावर सरकतो; मराठीत आघात मुळात सौम्य, म्हणून भार स्वरांवर येतो. 'तंजावरात' एकदा रुळले की घरात-घर, नगरात-नगर या चालीने मूळ शब्द 'तंजावर' ठरणे ओघानेच आले.

म्हैसूरचे म्हैसवर का झाले नाही, असे कोणी विचारील. तिथे ऊच्या आधी व्यंजन आहे, म्हणून तो म्हैसुरात ऱ्हस्व होऊन तगतो. इंग्रजांनीही प्रत्ययाशिवायच 'तंजोर' केले, हा आक्षेप अधिक वजनाचा. पण त्यांनी 'आवू'चा ओ करून दोन अक्षरांत काम भागवले. आपला आ शाबूत आहे, गेला तो फक्त ऊ, म्हणजे नेमका प्रत्यय जिथे घाव घालतो तिथला. खरी अडचण वेगळीच आहे: 'चा' आणि 'ला' लागताना अकारान्त गावाचे नाव बदलत नाही, नागपूरचा, नागपूरला. मात्र जुन्या पत्रव्यवहाराची भाषा पुण्यास, नागपुरास अशी 'स'ची आहे, आणि 'स'पुढे शब्द वाकतोच. हे अनुमानच, पण देवळाच्या नियमात चपखल बसणारे. तेव्हा मराठी मजकुरातले 'तंजावर' चूक समजून दुरुस्त करू नका.